तत्त्वज्ञान करायला घेताना

तत्त्वज्ञानाकडे वळलो तेव्हा पहिले वर्ष मी वाया घालवले, आणि तेही अगदी पद्धतशीरपणे. एक जाड वही केली. डाव्या बाजूला तत्त्ववेत्त्याचे नाव, उजवीकडे त्याचा ‘वाद’. देकार्त म्हणजे बुद्धिवाद, ह्यूम म्हणजे अनुभववाद, सार्त्र म्हणजे अस्तित्ववाद. वर्षअखेर वहीत साठेक नावे जमली. पण यातला कुठलाही एक प्रश्न स्वतः पाच मिनिटे चालवून दाखव, असे कुणी म्हटले असते तर माझी बोबडी वळली असती.

पुढे लक्षात आले की अडचण वाचन कमी पडल्याची नव्हती, घाईची होती. प्रश्न नीट ऐकण्याआधी उत्तर हवे होते, आणि एखादी गोष्ट नीट पाहण्याआधी तिचे कारण हवे होते. खाली दिलेल्या पायऱ्या ही घाई मोडण्यासाठी आहेत. त्या क्रमाने करा, पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. सहावीला सगळ्यात जास्त लागेल.

पायरी १ : प्रश्न कोणाचा आहे ते पाहा

प्रश्न मोठा असला म्हणजे तो तत्त्वज्ञानाचा होत नाही. एक ढोबळ चाळणी लावा. कुठेतरी जाऊन, मोजून, प्रयोग करून किंवा कागदपत्रे तपासून उत्तर मिळण्यासारखे असेल, तर तो प्रश्न विज्ञानाचा, इतिहासाचा किंवा साध्या चौकशीचा. निव्वळ आकडेमोडीतून सुटत असेल तर गणिताचा. ही सगळी माहिती हातात आल्यावरही जो शिल्लक उरतो, तो बहुधा आपला.

‘किती वाजले?’ याला घड्याळ पुरते. ‘काळ म्हणजे काय?’ याला कितीही अचूक घड्याळ पुरत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने नेमकी हीच अडचण नोंदवली आहे : कुणी विचारत नाही तोवर मला काळ म्हणजे काय ते ठाऊक असते, समजावून सांगायला गेलो की ठाऊक नसते. वापरता येते पण सांगता येत नाही, अशा गोष्टींपाशी तत्त्वज्ञानाचे प्रश्न हटकून सापडतात.

चाळणीला भोके आहेत, हेही सांगून ठेवतो. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथाच्या नावातच ‘निसर्गाचे तत्त्वज्ञान’ असे शब्द आहेत. आज तो ग्रंथ कुणीही भौतिकशास्त्रात घालेल. हद्द सरकत असते.

सरावासाठी मिश्र प्रश्न घ्या. ‘यंत्राला विचार करता येतो का?’ याची फोड करा. कोणते यंत्र काय काय करून दाखवते, हा भाग तपासता येतो. पण कशाला ‘विचार’ म्हणायचे, आणि बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावरून ते ठरवता येईल का, हा भाग प्रयोगशाळेत सुटत नाही, कारण प्रयोगाचा निकाल वाचायलाच तो आधी सुटलेला लागतो. बहुतेक निष्फळ भांडणांत एकजण पहिल्या भागाबद्दल बोलत असतो आणि दुसरा दुसऱ्या.

पायरी २ : शब्दाचे लक्षण (व्याख्या) करून पाहा, आणि ते मोडा

सॉक्रेटिसने हेच केले. प्लेटोच्या छोट्या संवादांत तो एखाद्या सेनानीला विचारतो, शौर्य म्हणजे काय? समोरचा आत्मविश्वासाने व्याख्या देतो, सॉक्रेटिस एक अडचणीचे उदाहरण पुढे ठेवतो, व्याख्या बदलते, पुन्हा अडते. कित्येक संवाद उत्तराविनाच संपतात. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सने त्याला मृत्युदंड दिला. त्यामागे अनेक कारणे होती, पण अशा प्रश्नांनी त्याने शत्रू पुष्कळ केले होते, हे नक्की.

व्याख्या मोडण्याचे हत्यार आपल्याकडे न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कपरंपरेने, फार नेटके करून ठेवले आहे. लक्षणाला तीन दोष असू शकतात. नको त्यालाही ते लागू पडले तर अतिव्याप्ती. हवे त्यातले काही बाहेर राहिले तर अव्याप्ती. कशालाच लागू पडले नाही तर असंभव. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचे उदाहरण गाईचे आहे. ‘जिला शिंगे असतात ती गाय’ म्हटले की म्हशीही आत येतात. ‘तांबड्या रंगाची ती गाय’ म्हटले की पांढऱ्या गाई बाहेर पडतात. ‘जिचे खूर दुभंगलेले नसतात ती गाय’ म्हटले की एकही गाय उरत नाही. गळ्याखाली लोंबणारी कातडी हे लक्षण मात्र टिकते.

आता कागद घ्या आणि ‘खोटे बोलणे’ यावर हा प्रयोग करा. मी माझा लिहून दाखवतो.

पहिला प्रयत्न : खोटे बोलणे म्हणजे जे खरे नाही ते सांगणे. अतिव्याप्ती. प्रामाणिकपणे चुकलेला माणूसही यात सापडतो.

दुसरा : जे आपल्याला खरे वाटत नाही ते सांगणे. अजूनही अतिव्याप्ती. रंगमंचावरचा नट प्रत्येक प्रयोगात हेच करतो आणि त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

तिसरा : जे आपल्याला खरे वाटत नाही ते, समोरच्याला फसवण्याच्या हेतूने सांगणे. आता जमले असे वाटते. पण एक साक्षीदार डोळ्यांपुढे आणा. त्याने सगळे पाहिले आहे, त्याने पाहिले आहे हे न्यायालयात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे. तरी भीतीपोटी तो म्हणतो, ‘मी काही पाहिले नाही.’ त्याला कुणाला फसवायचे नाही. आपल्या तोंडून नोंद व्हायला नको, एवढेच हवे आहे. तो खोटे बोलला ना? मग आपल्या लक्षणात अव्याप्ती आली.

इथे तीन वाटा फुटतात. लक्षण पुन्हा दुरुस्त करायचे. किंवा छातीठोकपणे म्हणायचे की साक्षीदार खोटे बोललाच नाही, तुमची भाषा सैल आहे. किंवा अशी शंका घ्यायची की या शब्दाला एकच लक्षण नसेलच. तिसरी वाट विट्गेन्श्टाइनची. १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ‘खेळ’ हा शब्द घेतला आणि दाखवले की सगळ्या खेळांत मिळून एकच समान धागा सापडत नाही. एका घरातल्या माणसांत कुणाचे नाक कुणासारखे, कुणाची चाल कुणासारखी असावी, तसे ते एकमेकांशी जोडलेले असतात. ही वाट खरी असेलही. पण तीन-चार लक्षणे घाम गाळून मोडल्याशिवाय तिच्यावर जायचा तुम्हाला अधिकार नाही, असे माझे मत आहे. नाहीतर ती आळशाची पळवाट होते.

पायरी ३ : युक्तिवाद सुटा करून मांडा

कुठलाही मजकूर वाचताना दोन गोष्टी वेगळ्या काढा : काय पटवायचे आहे (निष्कर्ष) आणि कशाच्या जोरावर (आधारविधाने). प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर, क्रमांक घालून. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही.

मग दोन तपासण्या करा (विधानांतून निष्कर्ष निघतो का, हा आकार; विधाने खरी आहेत का, हा आधार) आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका. ‘सगळे मासे उडतात. देवमासा हा मासा आहे. म्हणून देवमासा उडतो.’ यात आकार निर्दोष आहे; आधारविधाने खरी असती तर निष्कर्ष टळला नसता. पण दोन्ही आधारविधाने खोटी आहेत (देवमाशाच्या नावाला भुलू नका, तो सस्तन प्राणी आहे). उलट बाजूने, सगळी विधाने खरी असूनही त्यांची साखळी जुळत नाही, असेही होते. ‘पटत नाही’ एवढ्यावर थांबू नका. आकार पटत नाही की आधार, ते सांगा.

न्यायदर्शनाने अनुमानाचे पाच अवयव मानले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे; कारण धूर आहे; जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात; इथेही तसा धूर आहे; म्हणून अग्नी आहे. ॲरिस्टॉटलच्या तीन विधानांच्या अनुमानापुढे हे लांबण लावल्यासारखे वाटते. पण ‘उदाहरण’ हा अवयव मला फार कामाचा वाटतो. नुसता नियम सांगून सुटका नाही. तो लागू पडलेली एक तरी जागा दाखवावी लागते.

आणि न लिहिलेले आधारविधान शोधा. ‘निसर्गात असेच चालते, म्हणून ते योग्य आहे’ यात ‘निसर्गात चालते ते सगळे योग्य असते’ हे वाक्य गिळलेले आहे. ते कागदावर आणले की बोलणाराच बिचकतो. ‘आहे’ या विधानांतून ‘असावे’ कसे निघते, हा ह्यूमने १७४० च्या सुमारास उपस्थित केलेला प्रश्न अजून गाजतो आहे.

पायरी ४ : पूर्वपक्ष स्वतः लिहा

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी, शब्दच्छलासकट सगळी साधने वापरून चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची पाडत राहणे ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ एवढाच शब्द रुळला, यावरून आपली सवय कळते.

वादात उतरायचे तर विरुद्ध मत, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्या समर्थकाने मान डोलवावी इतके चांगले मांडता आले पाहिजे. जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष कधी कधी इतका जोरकस असतो की हेच ग्रंथकाराचे मत, असे समजून नवखा वाचक फसतो. मीही फसलो आहे. तुमच्या लिखाणात वाचक असा फसला तर खुशाल आनंद माना.

एखाद्या मताला सगळ्यात मोठा धोका कधी कधी एका लहानशा प्रतिउदाहरणापासून असतो. ज्ञान म्हणजे सकारण खरी समजूत, हे उत्तर पुष्कळांना पुरेसे वाटत असे. १९६३ साली एडमंड गेटियरने तीन पानांच्या लेखात दोन प्रसंग रचून ते हलवले. त्याच जातीचा एक साधा प्रसंग असा : भिंतीवरचे घड्याळ बंद पडले आहे, तुम्हाला ते माहीत नाही, आणि योगायोगाने तुम्ही पाहता त्या क्षणी त्यात दिसते तीच वेळ असते. तुमची समजूत खरी आहे, तिला कारणही आहे. पण वेळ तुम्हाला ‘कळली’ का?

आठव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने असाच एक प्रसंग दिला आहे. मांस भाजायला आग नुकतीच पेटवली आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वासावर कीटकांचा काळा थवा जमला आहे. लांबून पाहणारा थव्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच! बाराशे वर्षांच्या अंतराने दोन माणसे एकाच फटीत बोट घालतात, हे पाहून मला अजून मौज वाटते.

पायरी ५ : कल्पनाप्रयोग, बेताने

गेटियरने केला तो कल्पनाप्रयोगच : प्रत्यक्षात न घडलेला प्रसंग रचून आपल्या संकल्पनेची परीक्षा घेणे. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळे जागच्या जागी ठेवा. जहाजाची एकेक फळी बदलत सगळ्या फळ्या नव्या झाल्या तर जहाज तेच का, हा प्लूटार्कने नोंदवलेला जुना प्रश्न अजून चालतो, कारण त्यात बदलते ती एकच गोष्ट. नवख्यांचे कल्पनाप्रयोग चित्रपटाच्या कथानकासारखे पसरतात आणि शेवटी काय तपासायचे होते तेच हरवते. याहून जास्त इथे सांगत नाही.

पायरी ६ : कारण देण्याआधी वर्णन करा

आतापर्यंतच्या पायऱ्यांत आपण शब्द आणि विधाने हाताळली. पण ‘काळ’, ‘दुःख’, ‘दुसरा माणूस’ हे शब्द ज्या अनुभवांसाठी आहेत, ते अनुभव नीट पाहिले होते का? हा प्रश्न ज्यांनी पद्धत म्हणून लावून धरला त्यांची शाखा म्हणजे फिनॉमिनॉलॉजी. मराठीत तिला प्रतिभासशास्त्र म्हटलेले आढळेल. मला तो शब्द फसवा वाटतो. ‘प्रतिभास’ म्हटले की मागे काहीतरी खरे दडले आहे आणि पुढे नुसता भास आहे, असा वास येतो. मूळ ग्रीक शब्दाचा रोख ‘जे स्वतःला दाखवते ते’ असा आहे. म्हणून मी फिनॉमिनॉलॉजीच म्हणतो.

हिचा प्रवर्तक एडमंड हुसर्ल (१८५९–१९३८) मुळात गणिती. व्हिएन्नात फ्रांट्स ब्रेंटानोच्या व्याख्यानांमुळे तो तत्त्वज्ञानाकडे वळला. ब्रेंटानोने १८७४ साली एक जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली होती : जाणीव नेहमी कशाची तरी असते. नुसते ‘पाहणे’ नसते, काहीतरी पाहणे असते. नुसती आठवण नसते, कशाची तरी आठवण असते. याला विषयोन्मुखता म्हणू. हुसर्लच्या १९००–०१ सालच्या ग्रंथापासून ‘थेट वस्तूंकडे चला’ ही घोषणा रूढ झाली. लहानपणी त्याला चाकू भेट मिळाला, पाते पुरेसे धारदार वाटेना म्हणून तो घासत राहिला आणि शेवटी पातेच उरले नाही, अशी एक आठवण त्याच्याबद्दल सांगितली जाते. त्याचे ग्रंथ वाचताना ती हटकून आठवते. मागे त्याने लघुलिपीतली सुमारे चाळीस हजार पाने ठेवली. १९३८ साली ती जर्मनीतून बेल्जियममधल्या लूव्हेनला हलवली गेली म्हणून वाचली.

आता हाताने करून पाहण्याचा भाग. तीन हालचाली आहेत.

पहिली : थांबा. आपण एरवी गृहीत धरतो की जग बाहेर आहे, ते अमुक नियमांनी चालते, मेंदूत तमुक घडते. ही गृहीतके खोटी म्हणायची नाहीत, त्यांच्यावर शंकाही घ्यायची नाही. फक्त ती वापरायची नाहीत. ग्रीक संशयवाद्यांचा ‘एपोखे’ हा शब्द हुसर्लने यासाठी उचलला, आणि गणित्याला शोभेल असा दुसरा शब्दही दिला : कंसात टाकणे. कंसातले पद पुसले जात नाही, पण सध्या हिशेबात धरलेले नसते. देकार्तशी इथे गल्लत होते. १६४१ साली त्याने ज्यावर शंका घेता येते ते सगळे खोटे समजून चालण्याचा प्रयोग केला, कारण त्याला अढळ पाया हवा होता. हुसर्ल काही खोडत नाही. वस्तू आपल्याला कशी भेटते ते दिसावे म्हणून बाजूला होतो.

दुसरी : वर्णन करा. एक साधी घनाकृती पेटी समोर ठेवा. तिला सहा बाजू आहेत, पण एका वेळी तीनपेक्षा जास्त बाजू दिसत नाहीत. तरी तुम्हाला तीन चौकोन दिसत नाहीत, पेटी दिसते. न दिसणाऱ्या बाजू दिसण्यात कुठल्या तरी प्रकारे सामील आहेत : पेटी फिरवली तर मागची बाजू येईल, ही अपेक्षा पाहण्यातच विणलेली आहे. मागे बाजूच नाही, नुसता पुठ्ठ्याचा देखावा आहे असे निघाले, तर तुम्ही दचकाल. ते दचकणे हाच पुरावा, की अपेक्षा होती.

पेटी जमली की अनुभव घ्या. मी ‘वाट पाहणे’ घेतो. नवखा पहिल्या फटक्यात लिहितो : ‘वाट पाहताना ताण वाढतो, कारण मेंदूला अनिश्चितता आवडत नाही.’ हे कारण झाले, कंसातले बाहेर आले. खोडा. मग तो लिहितो : ‘वाट पाहणे फार त्रासदायक असते.’ हा अभिप्राय झाला. खोडा. माझ्या वहीतला एक उतारा देतो :

‘जिन्यावर पावले वाजली. ऐकू आली तीच तिची म्हणून. मजला ओलांडून वर गेली तेव्हा ती कुणाची तरी झाली. हातातल्या पुस्तकाच्या ओळी डोळ्यांखालून गेल्या, पान पुढे गेले नाही. घड्याळ तीनदा पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना दुसऱ्यांदा किती वाजले होते ते आठवेना. खोलीतल्या वस्तू होत्या तिथेच होत्या, फक्त सगळ्यांचे तोंड दाराकडे होते.’

शेवटचे वाक्य अलंकारिक आहे, आणि मला आता ते नको होते असे वाटते. पण पावलांबद्दलची नोंद चांगली आहे. आधी नुसता आवाज आणि मग त्याचा अर्थ, असे काही घडले नाही. अर्थासकटच आवाज आला, आणि नंतर अर्थ गळून पडला. आपल्या परंपरेत निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्षाचा जो मोठा वाद आहे, की नाव-जात लागण्याआधी काही नुसते दिसते का, तो अशाच नोंदींपाशी येऊन ठेपतो.

तिसरी : कल्पनेत बदल करून पाहा. वर्णन माझ्या एका संध्याकाळचे आहे. मला हवे आहे ते वाट पाहण्याचे रूप. म्हणून एकेक गोष्ट बदला. माणसाऐवजी पत्र? वाट पाहणे टिकते. त्रासाऐवजी आनंद? टिकते. येणार की नाही ही अनिश्चितता काढली तर? सूर्योदयाची वाटही पाहता येते, म्हणजे अनिश्चितता आवश्यक नव्हती. पहिल्या फटक्यातल्या त्या ‘कारणा’चा निकाल इथे परस्पर लागला. आता मधला वेळ काढून टाका : हवे ते हवे त्या क्षणी हजर. वाट पाहणे उरत नाही. मधल्या वेळात दुसऱ्या कामात पूर्ण बुडून गेलात तर? मला वाटते तेव्हाही उरत नाही. आशा मात्र उरू शकते. म्हणजे आशा आणि वाट पाहणे यांतला फरक मधल्या वेळाला आपण काय करतो यात आहे. हे माझे म्हणणे तुम्ही तुमच्या प्रतिउदाहरणाने मोडू शकता, आणि मोडावेच. म्हणूनच ही पद्धत ‘मला असे वाटते’ची डायरी ठरत नाही. डायरीला प्रतिउदाहरण देता येत नाही.

ही नजर बसली की काय काय दिसू लागते, त्याचे तीन नमुने.

काळ. गाण्याचे सूर एकामागून एक येतात. प्रत्येक क्षणी फक्त चालू सूरच जाणिवेत असता, तर चाल कधीच ऐकू आली नसती, सुटे सूर ऐकू आले असते. हुसर्लने १९०५ च्या व्याख्यानांत दाखवले की ‘आत्ता’ हा बिंदू नाही. नुकताच गेलेला सूर ‘नुकताच गेलेला’ म्हणून धरलेला असतो आणि पुढचा अपेक्षिलेला. हे धरून ठेवणे म्हणजे आठवण नव्हे. आठवायला आधी सुटावे लागते.

अभाव. सार्त्र १९४३ च्या ग्रंथात लिहितो : मित्राला भेटायला मी कॅफेत जातो, तो तिथे नाही. त्या क्षणी सगळा कॅफे मागे सरतो आणि मित्राचे नसणे पुढे येते. तिथे नसलेली माणसे असंख्य, पण दिसते ते एकाचेच नसणे. आता आपल्याकडचा जुना प्रश्न आठवा : जमिनीवर घट नाही, हे कशाने कळते? नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) म्हणतात, प्रत्यक्षानेच. भाट्ट मीमांसक (कुमारिल भट्टाच्या परंपरेतले) आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे वेगळे साधन (प्रमाण) हवे. सार्त्रचा कॅफे या वादात कुणाच्या बाजूने साक्ष देतो, यावर एक पान लिहा. तयार उत्तर सापडणार नाही, म्हणून हा सराव चांगला.

शरीर आणि साधन. हायडेगर (१९२७) सांगतो की हातोडा चालू असतो तेव्हा तो दिसतच नाही. तुटला की वस्तू म्हणून समोर येतो. कळफलकावरची एखादी कळ अडकली की हेच होते. फ्रेंच तत्त्ववेत्ता मेर्लो-पाँती (१९४५) आंधळ्याच्या काठीबद्दल लिहितो : सवय झाल्यावर काठी ही हातातली वस्तू राहत नाही, स्पर्श तिच्या टोकाशी घडतो. आपले शरीर आपल्याला आधी वस्तू म्हणून भेटत नाही, जगाकडे जाण्याची वाट म्हणून भेटते, हा त्याचा मुद्दा. सिमोन द बोव्हारने १९४९ साली ही नजर स्त्रीच्या अनुभवाकडे वळवली, आणि कार्ल यास्पर्सने त्याआधीच, १९१३ मध्ये, मनोविकारशास्त्रात आणली होती : निदानाच्या चौकटीत बसवण्याआधी रुग्णाला काय अनुभवास येते त्याचे वर्णन.

हे सगळे एकमताने चालले असे समजू नका. हायडेगर हुसर्लचाच सहायक, पण जग कंसात टाकता येते हे त्याला मान्य नव्हते. आपण आधीच जगात गुंतलेलो आहोत, बाजूला होणार कुठे? मेर्लो-पाँतीने तर म्हटले की ही माघार पूर्ण होऊ शकत नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा धडा. बाहेरून येणारा आक्षेप आणखी सरळ आहे : आपल्याच अनुभवाबद्दल आपण सपशेल चुकू शकतो, आणि वर्णनाची भाषा तर उसनीच असते. हा पूर्वपक्ष मला गंभीर वाटतो. माझे उत्तर एवढेच, की कारण सांगणाऱ्यालाही कशाचे कारण सांगतो आहोत ते आधी ओळखावे लागते, आणि तिथे वर्णन चुकले तर कारणही चुकीच्या गोष्टीला चिकटते.

पायरी ७ : वाचा, पण थोडे

हुसर्ल किंवा हायडेगर यांच्या मुख्य ग्रंथांपासून सुरुवात करू नका. माझ्या ओळखीतले दोघे तिथेच अडकले आणि परत आले नाहीत. प्लेटोचे छोटे संवाद घ्या. देकार्तची सहा चिंतने घ्या. दिवसाला एक, मध्ये विश्रांती. रसेलचे १९१२ सालचे तत्त्वज्ञानाच्या समस्यांवरचे छोटे पुस्तक एका टेबलापासून सुरू होते आणि नवख्याला कुठेही तुच्छ लेखत नाही. फिनॉमिनॉलॉजीसाठी मेर्लो-पाँतीची १९४८ सालची सात नभोवाणी भाषणे सगळ्यात सोपी.

वाचताना पहिल्यांदा हात बांधून वाचा, खुणा न करता. दुसऱ्यांदा पायरी ३ प्रमाणे युक्तिवाद सुटा करा. तिसऱ्यांदा भांडा. बरेचजण तिसऱ्यापासून सुरू करतात.

आणि लिहा. आठवड्याला एक पान पुरे. त्यात प्रश्न एकच असावा, निदान एक प्रतिउदाहरण असावे आणि विरुद्ध बाजूचा एक परिच्छेद असावा. मोठ्या नावांचा आधार पहिले सहा महिने टाळा. ‘कांट म्हणतो’ लिहिले की आपला युक्तिवाद संपल्यासारखा वाटतो, आणि तो सुरूच झालेला नसतो. पान झाले की तुमच्याशी न पटणाऱ्या माणसाला द्या. तो ‘छान आहे’ म्हणाला तर पान परत घ्या आणि विचारा, नेमके कुठले वाक्य खोडशील?

हुसर्लने १९३० साली, सत्तरी ओलांडल्यावर, आपण आता कुठे खरा नवशिका म्हणवून घेण्याच्या लायकीचे झालो, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. पहिल्या पानावर तारीख घालायला विसरू नका.